मण्याचं वेज आधी : ज्योतीवर काचेचा मणी घडवण्याची सविस्तर पद्धत

शिकायला लागून सहा महिने झाले तेव्हा मी माझ्या मण्यांतले त्यातल्या त्यात बरे बारा निवडले आणि पुण्यात मण्यांच्या पोती गाठवून देणाऱ्या एका काकांकडे घेऊन गेले. निळी काच, वर पांढरे ठिपके. काका विचारतील, "कुठून आणले?" अशी माझी खात्री होती. काकांनी रंगाकडे बघितलंच नाही. एक मणी उचलला, ट्यूबलाइटसमोर धरून आरपार पाहिला, भोकाच्या कडेवरून नख फिरवलं आणि खाली ठेवला.

"ताई, ह्यात दोरा टिकायचा नाही. कड कापते."

मग दुसरा, तिसरा. बारातले दोन त्यांनी बाजूला काढले, बाकीचे दहा माझ्याकडे सरकवले. "हे शोकेसमध्ये ठेवा," म्हणाले. त्यात खवचटपणा नव्हता, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

कानाला, मोत्याला, मण्याला जे भोक असतं त्याला आपल्याकडे वेज म्हणतात. ओवायचं ते वेजातून, झिजायचं ते वेजाशी, तुटायचं तेही तिथेच. काचेच्या मण्यांवर इंटरनेटवर जे काही सापडतं त्यातलं नव्वद टक्के रंगांबद्दल आणि नक्षीबद्दल असतं. मी उलट्या बाजूने सांगणार आहे. वेज नीट आलं आणि मणी नीट थंड झाला, तर साधा एकरंगी मणीसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. हे दोन्ही चुकलं तर वरची नक्षी कितीही सुंदर असो, ती शोकेसची.

आपण कुठला मणी करणार आहोत

काचेचा मणी करण्याच्या रीती बऱ्याच आहेत. आपल्या काळ्या पोतीतले बारीक मणी ओढीव असतात. वितळलेल्या काचेची पोकळ नळी लांबच लांब ओढायची, तिचे बारीक तुकडे करायचे आणि ते पुन्हा तापवून त्यांच्या कडा गोल करायच्या. पुद्दुचेरीजवळच्या अरिकमेडूला दोन हजार वर्षांपूर्वी हे काम चालायचं, आणि आंध्रातल्या पापानायडुपेटा गावात ओढीव मण्यांची भट्टी अलीकडच्या काळापर्यंत टिकून होती. घानातले क्रोबो लोक तिसरीच रीत वापरतात. जुन्या बाटल्या कुटून काचेची पूड करायची, ती मातीच्या साच्यात भरायची आणि मध्ये कसाव्याच्या पानाचा देठ खोचायचा. भट्टीत देठ जळून जातो आणि त्याच्या जागी वेज राहतं. मला ही युक्ती फार आवडते.

आपण करणार तो गुंडाळलेला मणी. सळईवर वितळलेली काच गुंडाळत जायचं. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरला आणि बनारसला हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं, बनारसच्या काचमण्यांना भौगोलिक मानांकनही आहे. घरच्या टेबलावर छोट्या ज्योतीवर हेच काम केलं की त्याला लॅम्पवर्क म्हणतात. पूर्वी तेलाच्या दिव्यावर भात्याने हवा मारून ज्योत तिखट करत, ते नाव अजून चिकटून आहे.

आपल्याकडे काच म्हटलं की ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आठवतो, फार तर अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा-पैसा जमवून उभ्या केलेल्या पैसा फंडाचा १९०८ सालचा तळेगावचा कारखाना. मणी कुणाला आठवत नाही. वास्तविक तेर, नेवासे, कोल्हापूरची ब्रह्मपुरी, जिथे जिथे खणलं तिथे काचेचे मणी निघाले आहेत. प्राचीन भारतीय काचेचा पहिला मोठा इतिहास लिहिणारे मोरेश्वर गंगाधर दीक्षितही मराठीच.

जागा आणि गॅस

टेबलाचा वरचा भाग जळणार नाही असा हवा. मी जुन्या लाकडी टेबलावर सिमेंट बोर्ड आणि त्यावर स्टीलचा पत्रा टाकला आहे. ज्योतीच्या वर बाहेर खेचणारा एक्झॉस्ट पंखा आणि पाठीमागून ताजी हवा आत यायला उघडी खिडकी, हे दोन्ही असल्याशिवाय सुरुवात करू नका. नुसती खिडकी पुरत नाही. छताचा पंखा मात्र बंद. ज्योत हलते आणि मणी एका अंगाने थंड होतो. एप्रिल-मेमध्ये हे काम म्हणजे शिक्षा आहे, मी पहाटे पाचला बसते.

ज्योत दोन प्रकारची मिळते. नुसत्या गॅसवर चालणारा हातातला टॉर्च स्वस्त असतो, पण त्यावर काच सावकाश वितळते आणि फिके रंग काळवंडतात. गॅस आणि ऑक्सिजन दोन्ही घेणारा टेबलावर बसवायचा बर्नर महाग, पण दीर्घकाळ हेच काम करायचं असेल तर तोच घ्या. ऑक्सिजनसाठी सिलिंडरच हवा असं नाही. २०२१मध्ये घरोघर घेतलेले मिनिटाला ५ लिटरचे ऑक्सिजन काँसन्ट्रेटर आज माळ्यावर धूळ खात पडले आहेत. लहान बर्नरला तेवढा ऑक्सिजन पुरतो. माझा तसाच, एका शेजाऱ्यांनी "घेऊन जा, डोळ्यासमोर नको" म्हणून दिलेला.

गॅसच्या बाबतीत काटकसर नको. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी असतो, तो ह्या कामाला वापरायचा नाही. व्यावसायिक सिलिंडर घ्या. शेगडीचा रेग्युलेटरही चालत नाही, दाब कमीजास्त करता येणारा लागतो. दोन्ही नळ्यांना ज्योत उलटी आत शिरू न देणारे फ्लॅशबॅक अरेस्टर लावा आणि ही सगळी जोडणी वेल्डिंग गॅसच्या जाणकार माणसाकडून करून घ्या. सांधे साबणाच्या पाण्याने तपासा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचून राहतो. त्यामुळे सिलिंडर तळघरात किंवा खोलगट जागेत ठेवू नका. ऑक्सिजनच्या सांध्यांना तेल किंवा ग्रीसचा थेंबही लागता कामा नये, तो आपोआप पेट घेऊ शकतो.

पेटवताना आधी गॅस, मग ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग गॅस. हे चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवा.

काच: इथेच बहुतेक जण फसतात

मऊ काचेच्या कांड्या पेन्सिलीएवढ्या, साधारण ५ ते ६ मिलिमीटर जाडीच्या येतात. इटलीत मुरानोला आणि जर्मनीत लाउशाला होणाऱ्या मण्यांच्या कांड्यांवर १०४ हा आकडा असतो. तो काचेचा प्रसरणांक, म्हणजे तापल्यावर काच किती फुगते आणि थंड होताना किती आकसते त्याचं माप. प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेचा हाच आकडा ३३ असतो. १०४ची काच आणि दुसऱ्या आकड्याची काच एका मण्यात घातली तर थंड होताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि दोघी मिळून मणी फोडतात. तेही लगेच नाही. कधी चार तासांनी, कधी चार दिवसांनी.

मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून "सर्व रंग एकत्र" असा गठ्ठा घेतला होता. भाचीच्या बारशाला त्यातल्या दोन रंगांचा एक मणी काळ्या दोऱ्यात ओवून दिला. तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन. मण्याची अर्धी चंद्रकोर पाळण्यात सापडली होती. बाळाला काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून नवीन कांडी आली की ओढून बघते. तुम्हीही बघा. ओळखीच्या काचेच्या कांडीचं टोक आणि नव्या कांडीचं टोक शेजारी शेजारी वितळवा, एकमेकांना चिकटवा, पण मिसळू देऊ नका. मग ज्योतीबाहेर काढून दोन्ही काचांचा मिळून एक बारीक धागा हातभर ओढा. थंड झाल्यावर धागा सरळ राहिला तर जोडी जमली. कमानीसारखा वाकला तर जमत नाही, आणि जी काच कमानीच्या आतल्या बाजूला असेल ती जास्त आकसणारी. पाच मिनिटांचं काम आहे. बाटलीची, खिडकीची, बांगडीची काच "टाकाऊतून टिकाऊ" म्हणून वापरायचा मोह होतो. वापरा, पण एका मण्यात एकाच बाटलीची काच, दुसरी कुठलीही नाही.

रंगांबद्दल दोनच गोष्टी. काळी म्हणून विकली जाणारी बरीच काच प्रत्यक्षात अतिगडद जांभळी असते. बारीक धागा ओढला की पितळ उघडं पडतं. आणि हस्तिदंती रंगावर फिरोजी ठेवला तर दोघांच्या मधे काळपट रेघ उमटते, हस्तिदंतीतल्या गंधकाची फिरोजीतल्या तांब्याशी गाठ पडते म्हणून. पहिल्यांदा मला वाटलं काच खराब निघाली. आता मुद्दाम करते.

सळई आणि लेप

सळई स्टेनलेस स्टीलची, २.४ मिलिमीटर जाडीची. तयार मिळतात, पण हार्डवेअरच्या दुकानात टिग वेल्डिंगच्या ह्याच जाडीच्या स्टेनलेस कांड्या मीटरभर लांबीच्या मिळतात. त्यांचे तीन तुकडे करून टोकं कानशीने घासली की झालं. वाकडी सळई फेकून द्या, वाकड्या सळईवर वेज कधी मधोमध येत नाही.

काच स्टीलला चिकटू नये म्हणून सळईला लेप लागतो. त्याला बीड रिलीज म्हणतात. त्यात चिनी माती, ॲल्युमिना असे उष्णता सोसणारे पदार्थ असतात. घरी करून बघण्याची हौस मी भागवून घेतली आहे. पापुद्रे निघाले. तयार घ्या. ताकापेक्षा थोडा दाट आणि शिऱ्यापेक्षा बराच पातळ असा तो ढवळून घ्या. आधी सळई भांड्याच्या पावडरने घासून तेलकटपणा काढा, मग पाच-सहा सेंटिमीटर बुडवून एका हालचालीत सरळ वर काढा. गाठी, थेंब, खरवड काही नको, कारण लेप जसा असेल तसंच वेज आतून होणार. वाळूने भरलेल्या डब्यात सळया उभ्या खोचून रात्रभर वाळवा. पावसाळ्यात दोन दिवस धरा, नाहीतर ओल्या लेपातली वाफ मण्यात बुडबुडे करते.

बाकी सामान थोडं. ग्रॅफाइटची छोटी पाटी, एक चिमटा, पातळ सुरीसारखं पातं, आणि डिडिमियमचा चष्मा. तापलेल्या काचेतून सोडियमचा पिवळा भडका उठतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना काचेची कड दिसतच नाही. हा चष्मा तेवढाच पिवळा प्रकाश गाळतो. पहिल्यांदा घातला तेव्हा कुणीतरी ज्योतीसमोरचा पडदा काढल्यासारखं वाटलं. सुती कपडे घाला, केस घट्ट बांधा, ओढणी किंवा पदर नको, नायलॉन तर नकोच. चपला बंद हव्यात, कारण काचेचा गरम थेंब बरोबर पायाच्या बोटांमधेच पडतो.

पहिला मणी

ज्योत अशी लावा की बर्नरच्या तोंडाशी लहान टोकदार निळे सुळके दिसतील आणि पुढे फिकट निळा झोत जाईल. ज्योत पिवळी, झाडूसारखी पसरलेली असेल तर ऑक्सिजन कमी आहे. अशा ज्योतीत फिरोजी रंगावर विटकरी साय चढते. काम सुळक्यांच्या चार बोटं पुढे, झोतात करायचं.

उजव्या हातात कांडी. ती एकदम ज्योतीत घालू नका. थंड काचेला अचानक आच लागली की ती टिचते आणि तुकडे उडतात. ज्योतीच्या शेवटच्या टोकाला कांडी आतबाहेर हलवत, फिरवत दहा-पंधरा सेकंद तापवा, मग हळूहळू जवळ आणा. टोक लाल झालं, मऊ पडून गोल झालं की कांडी सतत फिरवत मटाराच्या दाण्याएवढा गोळा जमवा. फिरवायचं थांबलात तर गोळा लोंबतो आणि पडतो. प्रत्येकाचे पहिले पाच गोळे पडतात, मोजायची गरज नाही.

गोळा जमत असताना डाव्या हातातली सळई ज्योतीच्या मागच्या बाजूला धरून लेपाचा भाग तापवत राहा. काच टेकवण्याच्या क्षणी लेप मंद नारिंगी लाल हवा. थंड लेपावर काच बसत नाही, वेजाशी पोकळी राहते आणि नंतर तिथूनच कड सुटते.

आता गोळा सळईला टेकवा आणि सळई आपल्यापासून पलीकडे फिरवत काच गुंडाळून घ्या. धोतराला काठ लावावा तशी, घाई न करता. एक वळसा पूर्ण झाला की कांडी थोडी मागे घ्या. मधला धागा ज्योतीत जाळून तोडा, ओढून तोडू नका.

वेजाचं गणित इथे आहे, म्हणून थांबून वाचा. पहिल्या वळशाची सळईवरची रुंदी म्हणजे मण्याचं जोतं. जोतं रुंद आणि काच थोडी असेल तर टोकाशी काच पातळ होत जाते, आणि ती पातळ कड म्हणजे काकांनी नखाने ओळखलेलं पातं. उलट जोतं अरुंद ठेवून मधोमध काच वाढवत गेलात, तर पृष्ठताणामुळे काच स्वतःच आत वळते आणि दोन्ही टोकांना बेंबीसारखा खळगा येतो. दोरा त्या खळग्यात गुळगुळीत उतरतो. सोपा आडाखा सांगते : जोतं ६ मिलिमीटर असेल तर मण्याची जाडी १० ते ११ मिलिमीटर झाल्याशिवाय थांबू नका. मणी लांबीपेक्षा जाड हवा, गरगरीत, मेदूवड्यासारखा. लांबट नळीसारखे मणी सुंदर दिसतात, पण ते दुसऱ्या वर्षी करा.

काच पुरेशी झाली की कांडी बाजूला ठेवा आणि सगळा मणी तापवा. सळई आडवी, अगदी समपातळीत, एकसारखी फिरत राहिली पाहिजे. चपातीचा उंडा तळहातात फिरवतो तसा मनगटाने नाही, फक्त अंगठा आणि दोन बोटांनी. मणी एका बाजूला झुकला तर ती बाजू वर आणून थांबा, काच वजनाने खाली येते. हत्याराने सारखा करायला जाऊ नका. नवशिक्यांचा लेप तुटतो तो ग्रॅफाइटने मणी दाबून दाबूनच. लेप तुटला की मणी सळईवर गरगरा फिरायला लागतो. तो मणी सोडून द्या. हातची सळई वाकवून, चिमट्याने धरून त्याला वाचवण्याचा प्रयत्न मी करून पाहिला आहे. शेवटी मणीही जातो आणि हातही भाजतो.

ठिपके

पहिले वीस मणी एकरंगी करा. मग ठिपके. त्यासाठी आधी कांडीचा गोळा तापवून, ज्योतीबाहेर दोन सेकंद थांबून, चिमट्याने सावकाश ओढा म्हणजे शेवईएवढा धागा मिळतो. ह्याला स्ट्रिंगर म्हणतात. झटक्यात ओढलात तर केस निघतो, फार सावकाश ओढलात तर मध्येच गोठतो.

ठिपका देताना मणी ज्योतीच्या खाली, जरा थंडावलेला हवा. स्ट्रिंगरचं टोक ज्योतीत मऊ करून मण्यावर उभं टेकवायचं, क्षणभर थांबायचं, जोड थिजला की ज्योतीने धागा तोडायचा. समोरासमोर दोन, मग मधल्या जागेत दोन, अशा क्रमाने दिलेत तर अंतर सारखं येतं. एकाकडून सुरू करून गोल गेलात तर शेवटच्या ठिपक्याला जागा उरत नाही. मोदकाच्या पाऱ्या घालताना होतं तेच. ठिपके सगळे देऊन झाल्यावरच मणी तापवून ते सपाट करा.

थंड करणं म्हणजे अर्धं काम

मणी तयार झाला की ज्योतीच्या दूरच्या टोकाला पंधरा-वीस सेकंद सगळीकडून सारखा तापवा, मग बाहेर काढून फिरवत राहा. लाली पूर्ण गेली, की तो सळईसकट भट्टीत. ही भट्टी विजेची, तापमानाचा कंट्रोलर असलेली. खर्चात सगळ्यात मोठा वाटा तिचाच, आणि म्हणूनच लोक ती टाळतात.

काचेचा वरचा थर आधी थंड होतो, आतला नंतर. त्या ओढाताणीत काचेत ताण साठतो. तो सोडवण्यासाठी १०४च्या काचेचे मणी ५१० ते ५२० अंश सेल्सियसवर तासभर ठेवतात, मग तासाला ५० ते ६० अंशांनी ३७० पर्यंत उतरवतात, आणि मग भट्टी बंद करून दार न उघडता आपोआप थंड होऊ देतात. ह्यालाच ॲनिलिंग म्हणायचं. मी संध्याकाळी भट्टी लावते आणि सकाळी चहा झाल्यावर उघडते. रात्री दार किलकिलं करून बघायची इच्छा होते. बघू नका.

भट्टी नसेल तर मणी गरम व्हर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे एका हलक्या, फुगवलेल्या खनिजाच्या दाण्यांत, किंवा सिरॅमिक फायबरच्या घडीत ठेवतात. ते फक्त सावकाश थंड करणं झालं, ताण त्याने जात नाही. असे मणी साठवून नंतर कुणाच्या तरी भट्टीत एकदम ॲनील करून घ्या, आणि तोवर कुणाला देऊ नका. लहान मुलाच्या गळ्यात तर नाहीच.

काढणं, घासणं, पारखणं

सळई मण्यांसकट अर्धा तास पाण्यात ठेवा. मग सळईचं टोक पकडीत धरायचं, मणी ओल्या फडक्यात धरून पिळायचा. "कर्र" आवाज करून सुटतो. वेजात राहिलेला लेप डायमंडच्या टोच्याने काढायचा, तो नेहमी पाण्याखाली. त्याची कोरडी धूळ फुफ्फुसाला वाईट. लेप नीट काढला नाही तर दोरा पांढरट होतो आणि मणी गिऱ्हाइकाच्या कपड्यावर खडूसारखी पूड सोडतो.

आता काकांची परीक्षा. नख दोन्ही कडांवरून फिरवा. अडकलं तर बाद. मग सुती दोरा ओवून मणी त्यावर पन्नास वेळा वरखाली करा आणि दोरा बघा. पारदर्शक मण्यातला ताण बघायचा असेल तर लॅपटॉपचा पडदा पांढरा करा, पोलराइज्ड गॉगल हातात धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा, आणि मधे मणी धरा. मण्यात कुठे उजळ डाग दिसला तर तिथे ताण राहिला आहे, मणी पुन्हा भट्टीत. वेजाच्या आसपासच तो डाग सर्वांत जास्त वेळा दिसतो, हे मला बघून बघून कळलं.

जिथे मणीवाले जमतात

हे एकट्याने करायचं काम असल्यामुळेच मणीवाल्यांना जमायची फार हौस. अमेरिकेत १९९३ मध्ये काचमणी करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. तिच्या वार्षिक संमेलनाचं नावच "गॅदरिंग". आपल्याला शाळेचं गॅदरिंग आठवतं, आणि फरक फारसा नाही. प्रात्यक्षिकं, कुणीही बसावं असे बर्नर, मण्यांची अदलाबदल आणि भरपूर गप्पा. गंभीर आजाराच्या मुलांना उपचाराच्या प्रत्येक टप्प्याला एक मणी देणारा "बीड्स ऑफ करेज" उपक्रमही अमेरिकेतलाच, त्यासाठी मणीवाले आपले मणी पाठवतात.

व्हेनिसमध्ये २०१७ पासून दर सप्टेंबरात काचेचा सप्ताह भरतो. काचमण्यांची कला २०२० मध्ये इटली आणि फ्रान्सच्या नावावर युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. ज्योतीवर मणी करणाऱ्या तिथल्या बायका "पेर्लेरे", आणि बारीक मणी ओवणाऱ्या "इम्पिरारेसे". ह्या दुसऱ्या बायका मांडीवरच्या लाकडी ताटात मणी घेत आणि डझनावारी लांब सुया पंख्यासारख्या एकत्र धरून त्यात खुपसत, एका फटक्यात सगळ्या सुया भरत. जुनी छायाचित्रं पाहिली तेव्हा मला पोती गाठवणारे आपले पटवेकरीच आठवले. घानात कोफोरिदुआला दर गुरुवारी मण्यांचा बाजार भरतो. तिथे मेळावा वेगळा करावा लागत नाही, आठवडी बाजारच पुरतो.

घरचा मेळावा

आपल्याकडे त्यासाठी संक्रांत सोयीची. थंडी असते, ज्योतीसमोर बसवतं, आणि हलव्याचे दागिने करणाऱ्या बायकांना ओवण्याचं वेगळं शिकवावं लागत नाही. मी दोन वर्षं हळदीकुंकवाला वाण म्हणून एकेक मणी लुटला, तिसऱ्या वर्षी बायकाच म्हणाल्या, आम्हाला करायला शिकव.

एका बर्नरला सहाच माणसं. प्रत्येकीला वीस मिनिटं, म्हणजे बदलाबदलीसकट अडीच तास लागतात. सळया आदल्या दिवशीच लेप लावून तयार ठेवा, प्रत्येकीला तीन. शेपटाला रंगीत चिकटपट्टी लावू नका, भट्टीत जळते. सळईच्या मागच्या टोकाला कानशीने खुणा करा. एक खाच, दोन खाचा. ज्योतीशी एका वेळी एकच जण, तिच्या शेजारी तुम्ही, आणि बाकीच्या दोन हात मागे. रेशमी साड्या नेसून येतील, म्हणून आमंत्रणातच सुती कपड्यांचं लिहा आणि तरी दोन जुने सुती शर्ट हाताशी ठेवा. चौदाच्या आतली मुलं फक्त बघायला. अग्निशामक नळकांडं टेबलाखाली नको, दाराशी. आग लागली तर टेबलाखाली हात घालता येत नाही.

कुणी भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. घड्याळ लावून. टूथपेस्ट, तूप, शाई घेऊन धावणाऱ्या एक काकू प्रत्येक मेळाव्यात असतात, त्यांना आधीच चहाच्या कामाला लावा. फोड मोठा असेल किंवा चेहऱ्यावर भाजलं असेल तर सरळ दवाखाना.

ज्या बर्नरवर बसलेल्या नाहीत त्यांच्यासाठी दुसऱ्या टेबलावर ओवण्याचं काम ठेवा, नाहीतर सगळ्या ज्योतीभोवती गोळा होतात. मणी अदलाबदल करायची असेल तर नियम एकच : आणलेला प्रत्येक मणी भट्टीतून काढलेला आणि वेज घासलेलं असलं पाहिजे. आम्ही ताटलीशेजारी दोऱ्याचं रीळ ठेवतो. ज्या मण्याने दोरा कापला जातो तो मणी ताटलीत जात नाही, मग तो कुणाचाही असो. गेल्या वर्षी माझाच एक परत आला.

आणि हे आधी सगळ्यांना सांगा, की मणी त्याच दिवशी मिळणार नाही. रात्रभर भट्टीत राहील, सकाळी निघेल, भिजेल, घासला जाईल. "उद्या येते न्यायला" म्हणून जातात आणि निम्म्या येत नाहीत. तेव्हा पाकिटावर नाव आणि फोन नंबर त्यांच्याच हाताने लिहून घ्या. माझ्या कपाटात गेल्या संक्रांतीची चार पाकिटं अजून पडून आहेत, त्यातल्या एकावर नुसतं "मी" लिहिलेलं आहे.